शोकसभेला उत्तर

बडोद्याच्या तरसालीत विश्वंभर फडणिसांना ओळखत नाही असा माणूस भेटलाच, तर तो कालच राहायला आलेला असणार, आणि उद्या संध्याकाळपर्यंत त्याचीही सुटका नाही. विश्वंभरराव त्याला गाठणार, गाव विचारणार, आडनाव विचारणार आणि शेवटी नेमका प्रश्न टाकणार, "तुमच्या घरात आपल्या युनिव्हर्सिटीचं कोणी?"

बडोद्याच्या युनिव्हर्सिटीतून शिकून जगात नाव काढलेली माणसं, हा विश्वंभररावांचा एकुलता एक विषय. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, हेडमास्तर होऊन निवृत्त झाले, पण गणितावर ते कधी बोलत नसत. बोलायचे ते माणसांवर. आकाशात यान सुटलं की सगळा देश टाळ्या वाजवी, आणि विश्वंभरराव त्या यानाच्या मंडळींत बडोद्याचा कोणी आहे का ते शोधत बसत. बहुतेक वेळा सापडायचा. नाही सापडला तर त्या शास्त्रज्ञाची बायको, मेहुणा, निदान मार्गदर्शकाचा मार्गदर्शक तरी कमाटीबागेत फिरून गेलेला निघायचाच.

ह्या छंदातूनच सुबोध मित्रमंडळाच्या हॉलमध्ये 'गुणवंतांची भिंत' उभी राहिली. मंडळ तरसालीतल्या मराठी घरांचं. गणपती, कोजागरी, हळदीकुंकू आणि अधूनमधून भांडण, एवढे त्याचे कार्यक्रम. हॉलच्या उजव्या भिंतीवर विश्वंभररावांनी युनिव्हर्सिटीच्या मराठी गुणवंतांचे फोटो लावायला घेतले. कोणी शिल्पकार, कोणी उत्खननवाला, कोणी लांबच्या विद्यापीठाचा कुलगुरू. उगाच कोणाचा भाचा घुसू नये म्हणून त्यांनी नियमही केला, आणि पेंटर बोलावून फोटोंच्या वर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला. 'पद, पदक किंवा पुस्तक.' तीनपैकी एक असेल तर भिंतीवर, नाहीतर बाकावर.

दुसरा नियम रंगवायची गरज नव्हती, कारण तो आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. जिवंत माणसाचा फोटो नुसता टांगायचा, गेलेल्याच्या फोटोला चंदनाचा हार घालायचा. हार घालण्याचा मान अर्थातच विश्वंभररावांचा. कोण गेलं ही बातमी त्यांना सगळ्यांच्या आधी कळायची, आणि त्याचा त्यांना दुःखाइतकाच अभिमानही असायचा.

भिंतीच्या मधोमध, सगळ्यांत मोठ्या फ्रेममध्ये, डॉक्टर मल्हारराव खर्डेकर. मोठे गणिती. संख्यांविषयी त्यांनी काहीतरी सिद्ध केलं होतं, जे जगात शंभरेक माणसांना कळतं आणि तरसालीत कोणालाही नाही. ते मेलबर्नला राहत. विश्वंभरराव आणि ते एका वर्गात होते. "एम.एस्सी.ला मुलग्यांत पहिला मल्हार, दुसरा मी," हे वाक्य मंडळात इतक्या वेळा ऐकवलं गेलं होतं की गणपतीच्या आरतीनंतर लोक त्याचीही वाट पाहत. पुढे जोड असायची, "अजून फोन असतो हं त्याचा. काही अडलं की विशूला विचारतो."

खरं सांगायचं तर मल्हाररावांचा फोन एकदाही आलेला नव्हता. भांडण वगैरे नव्हतं. मल्हार परदेशी गेला, त्याचं नाव छापून येऊ लागलं, आणि विश्वंभररावांनी पत्र टाकायचं म्हणून नुसतं ठरवलं. मत्सर होता, दुसरं काय. पण मत्सराला मैत्रीचा अंगरखा घातला की तो चारचौघांत नेता येतो.

तर झालं असं, की मल्हाररावांच्या फ्रेमची काच तडकली. विश्वंभररावांनी ती रावपुऱ्यातल्या एका फ्रेमवाल्याकडे टाकली आणि मंडळाचा तरुण सेक्रेटरी केयूर ह्याला सांगितलं, "तयार झाली की आणून टांग." आणि स्वतः पत्नी चारुलताबाईंना घेऊन जवळच्या सावली गावाला भाचीच्या वास्तुशांतीला गेले.

इकडे फ्रेमवाल्यानं केलं काय, तर काच बदलली आणि वर चंदनाचा हार घालून दिला. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? पांढऱ्या केसांच्या माणसाचा मोठा फोटो फ्रेमला येतो तो कशासाठी येतो, हे त्याला धंद्यानं शिकवलेलं. केयूरनं फ्रेम घेतली, हार पाहिला, मान खाली घातली, आणि जड अंतःकरणानं भिंतीवर टांगली. त्याला वाटलं, काकांनीच सांगितलं असणार. त्या संध्याकाळी भजनाला आलेल्यांनी हार पाहिला. "अरेरे, मल्हारराव गेले!" रात्री ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस.

विश्वंभररावांचा मोबाईल सावलीतच मान टाकून बसला होता. परत आल्यावर ते रिक्षातून उतरतात न उतरतात तोच केयूर समोर, आपली गुजराती मिसळलेली मराठी बोलत.

"काका, बहु वाईट झालं हं. मल्हारराव एटले तमारा तर अगदी सख्ख्यासारखे."

विश्वंभररावांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मल्हार गेला? आणि ते ह्याच्याकडून कळावं? गल्लीतली तीनचार माणसं भोवती जमली होती. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच भाव, की तुम्हाला तर आधीच कळलं असेल. इथं एवढंच म्हणायचं होतं, की बाबांनो, मला काही ठाऊक नाही. पण ते वाक्य विश्वंभररावांच्या तोंडातून कधी निघालंच नव्हतं, ते त्या दिवशी कुठून निघणार?

"हो," ते म्हणाले. "मला कळलं होतं."

झालं. आता ह्यापेक्षा मोठा दाखला कोणता? लोकांनी हारावर विश्वास ठेवला, विश्वंभररावांनी लोकांवर ठेवला, आणि मग लोकांनी विश्वंभररावांवर. मेलबर्नमध्ये सकाळचा चहा पीत बसलेला एक माणूस तरसालीत एकमतानं वारला.

"काका, त्यांच्या घरच्यांना मंडळ तरफथी कळवाल ने? नंबर तर तमारीकडे आहेच."

"कळवतो," विश्वंभरराव म्हणाले, आणि पिशवी उचलून घरात गेले.

रविवारी शोकसभा ठेवली. आता आपल्या शोकसभांचा एक शिरस्ता आहे. पहिल्या वक्त्यानं कैलासवासींना दुरून पाहिलेलं असतं, आणि पुढचा प्रत्येक वक्ता त्यांच्या थोडा जास्त जवळ सरकत जातो. केयूरनं मोबाईलवरून माहिती वाचली. रिफायनरीतून निवृत्त झालेले तुकोजीराव म्हणाले, की लहानपणी कमाटीबागेत मल्हाररावांनी आपल्या पाठीवर हात ठेवला होता, आणि ती ऊब अजून आहे. मग मंडळाच्या अध्यक्षा मोहनाताई उठल्या. मल्हाररावांनी त्यांच्या हातची पुरणपोळी खाऊन म्हणे डोळ्यांत पाणी आणलं होतं. आता ह्याच्यापुढे जायचं म्हणजे विश्वंभररावांची पंचाईत. पाठ झाली, पोट झालं, उरलं काळीज.

ते माईकसमोर आले. सुरुवात छान झाली. गरिबी, दिव्याच्या खांबाखालचा अभ्यास, युनिव्हर्सिटीच्या घुमटाखालच्या गप्पा. माणसं डोळे पुसू लागली. आणि माणसं डोळे पुसू लागली की वक्त्याची जीभ सुटते.

"गेल्याच महिन्यात फोन झाला," विश्वंभरराव म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता. "मला म्हणाला, विशू, जगानं मला मोठं म्हटलं. पण आता जाता जाता खरं सांगतो. माझ्यापेक्षा तू हुशार होतास."

केयूर मोबाईलवर सगळं टिपत होता. दुसऱ्या रांगेत चारुलताबाई बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग छताच्या पंख्याकडे पाहिलं, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

घरी आल्यावर भाजी निवडताना त्यांनी एवढंच विचारलं, "फोन लँडलाइनवर आला होता का मोबाईलवर?"

"मोबाईलवर."

"हां. मग मला ऐकू आला नसेल."

चारुलताबाईंचं हे असं. कमी बोलायचं आणि ते वाटाण्याच्या शेंगा सोलताना बोलायचं. त्यांची स्वतःची अशी ख्याती नव्हती. जेवणाच्या टेबलावर त्या शिकवण्या घेत. अर्ध्या तरसालीनं त्या टेबलावर बीजगणित गिरवलं होतं आणि गुजराती शेजारणी त्यांना 'चारुबेन टीचर' म्हणत. विश्वंभरराव सभेला निघाले की त्या इस्त्रीचा कुडता काढून देत, आणि ते शाल घेऊन परतले की ती घडी करून कपाटात ठेवत.

ग्रुपवर टाकलेलं भाषण मात्र बडोद्यात थांबलं नाही. असल्या गोष्टींना पाय फुटतात.

एके दिवशी पहाटे विश्वंभररावांचा मोबाईल वाजला. लांबलचक नंबर.

"विशू का?"

ह्या नावानं त्यांना हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. "आपण कोण?"

"कैलासवासी मल्हार खर्डेकर."

विश्वंभरराव चपलांच्या कपाटावर बसले. कपाट तेवढ्या वजनाचं नव्हतं, पण प्रसंग ओळखून त्यानंही दम धरला.

"भाषण ऐकलं," पलीकडून आवाज आला, घोगरा पण मजेत. "दोनदा ऐकलं. माझ्या नातीनं, सानवीनं, मोठ्या टीव्हीवर लावून दिलं. काय सांगू तुला, रडू आलं रे. वाटलं, एवढा भला माणूस गेला आणि आपली ओळखही राहून गेली."

"मल्हार, अरे, ती अफवा..."

"असू दे, असू दे. डिसेंबरात मी येतोय. सत्काराला सत्कारमूर्तीचं उत्तर असतं की नाही? तसं शोकसभेलाही असायला हवं. बाकीच्यांना ती सोय नसते, मला मिळाली आहे तर सोडतो कशाला? हॉल घेऊन ठेव."

"घेतो," विश्वंभरराव क्षीणपणे म्हणाले.

"आणि तो आपला गेल्या महिन्यातला फोन," मल्हारराव म्हणाले, आणि जरा थांबले. "त्याबद्दल तिथंच बोलू. सगळ्यांसमोर." फोन बंद.

विश्वंभररावांच्या पायाखालची वाळू सरकली. घर होतं, पेन्शन होतं, मुलगी सासरी सुखात होती. पण ह्या माणसाची खरी मिळकत म्हणजे चार लोक त्याचा शब्द खरा मानत ही होती. मल्हारनं माईकसमोर नुसतं "मी फोन केलाच नव्हता" एवढं म्हटलं, की ती मिळकत गेली. मग आजवर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीकडे लोक संशयानं बघणार. भिंत जाणार, हार जाणार, कोणी थांबून ऐकणार नाही. ह्या वयात माणसाला दुसरं काय हवं असतं? कोणीतरी थांबावं आणि ऐकावं.

मल्हारराव जिवंत आहेत ही बातमी सांगणं तर भागच होतं. त्यातही विश्वंभररावांची जीभ गप्प बसली नाही. "मला पहिल्यापासून शंका होती," ते केयूरला म्हणाले. "मीच खोलात जाऊन तपास केला." त्यामुळे मंडळात त्यांचा भाव आणखी वाढला. मेलेला माणूस शोधून जिवंत केला म्हणजे काय चेष्टा आहे? चारुलताबाई हे ऐकून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आत भांडं पडल्याचा आवाज आला, आणि हसण्याचाही.

मग प्रश्न उभा राहिला हाराचा. हार घालायचा नियम होता, काढायचा नव्हता. तसा प्रसंगच कधी आला नव्हता. तुकोजीरावांचं म्हणणं, नुसता काढू नये, गंगाजल शिंपडून काढावा. मोहनाताई म्हणाल्या, काढलेला हार तसाच ठेवावा, कधीतरी लागेलच. त्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विश्वंभररावांनी स्टुलावर चढून हार काढला. उतरताना हार त्यांच्या हातून निसटला. लोकांना वाटलं, आनंदानं.

डिसेंबर जवळ आला तशी त्यांची झोप उडाली. एकदा त्यांनी बायकोला चाचपून पाहिलं. "अगं, मला त्या दिवशी ताप येईलसं वाटतंय."

"आजारी पडायचं तर दोन दिवस आधी पडा," चारुलताबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मला पाहुण्यांसाठी उसळ करायची आहे."

"मल्हार काय बोलेल सभेत?"

"मला काय माहीत? फोन तुम्हाला येतो त्यांचा."

मल्हारराव आले ते ठणठणीत. हातात काठी, पण ती टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. स्टेशनवरून केयूरच्या गाडीतून येताना विश्वंभररावांनी तीन वेळा घसा खाकरला.

"मल्हार, तो फोन..."

"अरे, हा केवढा पूल झालाय! खाली काय होतं रे पूर्वी?"

"मल्हार, मी काय म्हणतो, त्या फोनचं..."

"थांब, थांब! केयूरभाई, जरा हळू. घुमट दिसतोय बघ." आणि मल्हारराव खिडकीला नाक लावून युनिव्हर्सिटीचा घुमट पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाहून विश्वंभररावांना पुढे बोलवेना. हा माणूस आपला मित्र होता, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खरं वाटलं.

घराच्या दारात चारुलताबाई उभ्या होत्या. मल्हाररावांनी काठी काखेत मारली, दोन्ही हात जोडले आणि वाकून म्हणाले, "नमस्कार, मिस दिघे."

चारुलताबाई हसल्या. तसं हसू विश्वंभररावांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांना एकदम आठवलं, की आपली बायको एके काळी मिस दिघे होती. पहिल्या बाकावर बसायची, आणि प्रोफेसर फळ्यावर अडले की सगळ्यांआधी तिच्याकडे बघायचे. लग्नानंतर हे त्यांच्या लक्षातून गेलं होतं, जसं आपल्याच घराचं फाटक कुठल्या रंगाचं आहे हे लक्षातून जातं.

"सेव-उसळ आहे ना?" मल्हाररावांनी विचारलं. "का तीही कैलासवासी झाली?"

तीन वाट्या उसळ खाऊन, वर शेव मागून घेऊन ते सभेला निघाले. विश्वंभररावांच्या घशाखाली घासही उतरला नव्हता.

शोकसभेला आली नव्हती एवढी गर्दी उत्तराला आली. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समधूनसुद्धा माणसं आली होती. मेलेला माणूस बोलणार म्हटल्यावर कोण घरी बसेल? मोहनाताईंनी शाल-श्रीफळ दिलं. मल्हारराव माईकसमोर उभे राहिले, आणि पहिल्या रांगेत विश्वंभररावांनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

"आधी काही दुरुस्त्या," मल्हारराव म्हणाले. "मी दिव्याच्या खांबाखाली अभ्यास केला असं आपल्याला सांगण्यात आलं. होस्टेलला दिवे उत्तम होते. खांबाखाली मी बसायचो, कारण समोर सेव-उसळीची गाडी लागायची. पुढचा मुद्दा, कमाटीबागेत तुकोजीरावांच्या पाठीवर मी हात ठेवला असेन, तर तो त्यांना बाकावरून उठवायला. आणि मोहनाताई, आपली पुरणपोळी मी अजून खाल्लेली नाही. पण बोलावलंत तर डोळ्यांत पाणी आणायची माझी तयारी आहे."

हॉल खदखदून हसत होता. मोहनाताईही तोंडाला पदर लावून हसत होत्या. फक्त एक माणूस खुर्चीचा हात घट्ट धरून बसला होता.

"आता राहिला तो फोन." हसू थांबलं. मल्हाररावांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि सरळ विश्वंभररावांकडे पाहिलं. "विशूनं सांगितलं, की मी त्याला फोन केला आणि म्हणालो, माझ्यापेक्षा तू हुशार होतास."

विश्वंभररावांनी डोळे मिटले.

"फोन झाला होता," मल्हारराव म्हणाले.

विश्वंभररावांनी एक डोळा उघडला.

"आणि मी तसं म्हणालोही होतो. पण विशूची एक खोड आहे. गणिताच्या पेपरातही तो शेवटची पायरी लिहायचा नाही, आणि तिथंच त्याचे मार्क जायचे. त्यानं तुम्हाला वाक्य अर्धंच सांगितलं. माझं पुरं वाक्य असं होतं, की विशू, माझ्यापेक्षा तू हुशार होतास, आणि तुझ्यापेक्षा चारुलता."

सगळ्या माना दुसऱ्या रांगेकडे वळल्या. चारुलताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, त्यांचा हात थांबला.

"आमच्या वर्षी एम.एस्सी.ला पहिली आली मिस चारुलता दिघे," मल्हारराव म्हणाले. "सोन्याचं पदक तिला. मी दुसरा, विशू तिसरा. मग आम्ही दोघांनी एक युक्ती काढली. मुलग्यांत पहिला, मुलग्यांत दुसरा असं सांगत फिरायचं. परदेशी गेल्यावर मी हळूहळू 'मुलग्यांत' म्हणायचंही सोडून दिलं. विशू निदान तेवढा प्रामाणिक राहिला. ज्या गणितावर माझं नाव लागलं, त्याची पहिली चार पावलं टाकायला मला ह्या बाईंनी शिकवलं, डिपार्टमेंटच्या व्हरांड्यात. हे मी कुठं छापलं नाही. छापायला हवं होतं. हॉलमध्ये आल्यापासून चष्मा पुसून पुसून ह्या भिंतीवर तिला शोधतोय. सापडत नाही. माझ्या डोळ्यांचा दोष असेल."

फोटोंच्या वर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं, पद, पदक किंवा पुस्तक. हॉलमधल्या झाडून सगळ्यांनी ते वाचलं आणि मग विश्वंभररावांकडे पाहिलं. त्यांनीही वाचलं. आपणच केलेला नियम ते आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं कळशी रोज चहा करून देत होती आणि हे गावभर पाणी शोधत हिंडत होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं उघडं पडलं असतं तर एवढी लाज वाटली नसती, जेवढी ते झाकलं गेल्यावर वाटली.

"चहा निवतोय," दुसऱ्या रांगेतून चारुलताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मग टाळ्या सुरू झाल्या. सगळ्यांत जोरात वाजवत होती ती त्यांच्या टेबलावर शिकून गेलेली मंडळी. केयूरही त्यातलाच. तो तर खुर्चीवर चढला.

चहाच्या वेळी विश्वंभररावांनी मल्हाररावांना कोपऱ्यात गाठलं. "मल्हार, फोन तर तू केला नव्हतास."

"नव्हता केला. करायला हवा होता, म्हणून झाला म्हणालो."

"आणि ते पहिलं अर्धं? मी तुझ्यापेक्षा..."

"ते तुझं अर्धं," मल्हारराव म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवलं. "मी दुसऱ्या अर्ध्याची जबाबदारी घेतो."

रात्रीची जेवणं आटोपून मल्हारराव झोपायला गेले. चारुलताबाई ओटा पुसत होत्या. विश्वंभरराव दारात उभे राहिले.

"चारू, ते पदक कुठं आहे गं?"

"आहे की. कपाटात."

"कुठल्या?"

"वरच्या खणात. तुमच्या शालींच्या खाली."

ते स्टूल घेऊन गेले. वरचा खण उघडला. शाली होत्या, खच्चून भरलेल्या. शाळेच्या निरोपाची, मंडळाच्या रौप्यमहोत्सवाची, गणेशोत्सवाच्या परीक्षकाची, कोणत्या तरी उद्घाटनाची. एकेक शाल काढून ते पलंगावर टाकू लागले. ढीग वाढत गेला. प्रत्येक शाल त्यांनी मिरवत घरी आणली होती, आणि प्रत्येक शाल तिनंच घडी करून त्या डबीवर ठेवली होती. तक्रार म्हणून नव्हे, जागा तेवढीच होती म्हणून. शेवटी तळाशी मखमली डबी लागली. आत सोनं, अजून तसंच लख्ख, आणि काठावर कोरलेलं नाव, चारुलता दिघे. विश्वंभरराव पलंगावर शालींच्या ढिगात बसले आणि लहान मुलासारखे रडले.

चारुलताबाई दारात येऊन उभ्या होत्या. "आता त्या घड्या कोण करणार?" त्या म्हणाल्या.

"मी," विश्वंभरराव म्हणाले, आणि नाक पुसून खरोखरच घड्या करू लागले. वाकड्या होत होत्या.

"उद्या तुझा फोटो लावतो," ते थोड्या वेळानं म्हणाले. "मल्हारचा बाजूला सरकवतो. मधे तुझा."

"लावा. पण त्या फ्रेमवाल्याकडे टाकू नका, तो हारासकट देईल." चारुलताबाई शेजारी बसल्या, त्यांच्या हातातली शाल घेतली आणि घडी मोडून पुन्हा नीट घातली. "आणि एक सांगून ठेवते. मी गेल्यावर शोकसभा झालीच, तर तुम्ही बोलायचं नाही."

विश्वंभररावांचा चेहरा पडला. "का गं? मी नाही बोलायचं तर कोणी बोलायचं?"

"तुम्हाला माझाही फोन आलेला असेल," चारुलताबाई म्हणाल्या.